वाल्व्ह बंद होता

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इंजिनिअर प्लाटूनला वर चढण्याचा हुकूम मिळाला. जागेचं नाव लिहीत नाही. तीस जणांची एक बरॅक, तिच्या एका टोकाला लंगर म्हणजे स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर आणि मागे डोंगर. पुढचे सहा महिने आमचं घर तेच होतं. माझा हुद्दा सॅपर, ट्रेड प्लंबर. थंडी पडायच्या आत त्या घराचे नळ हिवाळ्यासाठी तयार करायचे, हे माझं काम.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागतं. मी आता ढोकीकडच्या एका साखर कारखान्यात पाइप फिटर आहे. डिसेंबरात पहाटे जरा गारठा पडला की कॉलनीतले लोक म्हणतात, "फौजी, नळाला स्वेटर घाला की." हसतात. मीही हसतो. पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंडी पाइप फाडतं, हे त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलंय. मी पाहिलंय.

डोंगरात झऱ्याच्या तोंडाशी आमची टाकी होती. बरॅकपासून वीस मिनिटांची चढण. टाकीतून दोन इंची पाइप खाली न्हाणीघरापर्यंत येत होता. जिथं माती होती तिथं आम्ही तो कमरेइतका खोल पुरला. जिथं खडक होता तिथं जुन्या कांबळ्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या, त्यावर पोतं, त्यावर ताडपत्री आणि वरून तार आवळली. पाइपाला कुठंही पोट राहू द्यायचं नाही, नाही तर तिथं पाणी साचतं. सबंध लाईनला उतार पाहिजे. सर्वांत खालच्या जागी, न्हाणीघराच्या मागं, एक ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडून द्यायची तोटी, बसवला.

नियम असा होता. सकाळी नऊला वर जाऊन टाकीचा वाल्व्ह उघडायचा. दिवसभरात लंगरची पिंपं भरून घ्यायची. दुपारी वर जाऊन चारला वाल्व्ह बंद करायचा. मग खालच्या माणसानं बरॅकमधले सगळे नळ उघडायचे, ड्रेन कॉक उघडायचा आणि पाइपातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत सांडून द्यायचं, मग कॉक पुन्हा लावायचा. रजिस्टरमध्ये लिहायचं, 'लाईन खाली', म्हणजे रिकामी, आणि सही करायची. नऊ आणि चार या वेळा उगाच ठरवल्या नव्हत्या. त्या वेळी वरच्या उतारावर सावली असते, बर्फ घट्ट असतं. साडेदहानंतर ऊन आलं की उतारावर कुणी पाय ठेवायचा नाही, हा हुकूम होता.

वाल्व्ह लान्स नायक मल्लिनाथच्या ताब्यात होता. कॉक माझ्या ताब्यात.

मल्लिनाथ मुरुमचा. मी मुरुमपासून दीड कोसावरच्या वस्तीतला. अख्ख्या प्लाटूनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाकीचे गढवाली, तमिळ, पंजाबी. हवालदार बिष्ट म्हणायचे, "तुम दोनों तो एक ही गाँव के हो." आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागायचो. आमचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि त्याचं कारण हवालदारांना सांगण्यासारखं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर आटली. मुरुमला एका घरच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. ती शरणप्पांची विहीर. शरणप्पा म्हणजे मल्लिनाथचे वडील. आम्ही बौद्ध होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण त्या रहाटाला आम्ही हात लावायचा नव्हता. माझी आई सकाळी जाऊन विहिरीच्या खालच्या अंगाला घागर ठेवून बसायची. दुपारी कधी तरी शरणप्पा पोहरा शेंदून आणायचे आणि वरून, छातीइतक्या उंचीवरून, घागरीत पाणी ओतायचे. अर्धं घागरीत, अर्धं आईच्या अंगावर आणि भुईवर. आई घरी येऊन ओला पदर घागरीत पिळायची. मी तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. पदर पिळताना मी तिला पाहिलं. दोन वर्षांनी मी भरती झालो.

मल्लिनाथला मी हे एकदा तोंडावर सांगितलं होतं.

तो म्हणाला, "म्या तवा सोलापुरात शाळंला होतो. मला कशाला ऐकवतोस?"

"तुझ्या बापानं केलं."

"मग बापाला इचार जाऊन. मुरुम काय लांब हाय?"

माफी नाही, शरम नाही. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. कामाचं बोलणंही टोचून.

रोज चारनंतर कॉक उघडला की जाड धार दगडांवर पडायची. दोन-अडीच पिंपं पाणी. सुरुवातीला मी खाली बादली लावली, पण लंगरची पिंपं भरलेली असायची आणि बादलीतलं पाणी अर्ध्या तासात दगड व्हायचं. तरी मला ती धार बघवत नसे. मी कॉक हळूहळू उघडायचो. वरून उतरून आलेला मल्लिनाथ बूट झाडत उभा राहायचा.

"सांड की दश्या! हात का आखडतोय? तुझ्या बापाची हीर हाय व्हय?"

"हीर कुणाच्या बापाची होती ते मला ठाव हाय."

"लई जुनं उकरतोस बग तू. जरा पाइपाकडं बग."

एवढंच. पण ते माझ्या डोक्यात दिवसभर राहायचं. ज्याच्या घरच्या पाण्यासाठी माझी आई उन्हात बसली, त्याचाच पोरगा मला पाणी सांडायला शिकवतोय, असं मी मनाशी घोळवत राहायचो.

जानेवारीत दोन दिवस बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी ते थांबलं, पण आभाळ भरलेलं होतं. त्या दुपारी डाक आली. आईचं पत्र होतं, वस्तीतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. पाऊस पुन्हा हुकला आहे, टँकर तिसऱ्या दिवशी येतो, रांगेत भांडणं होतात, एकीचं डोकं फुटलं. काळजी करू नये.

चार वाजून दहा मिनिटांनी मल्लिनाथ वाल्व्ह बंद करून खाली आला. मी कॉकजवळ उभा होतो. खिशात पत्र होतं.

तो म्हणाला, "कर खाली. का बायकूगत रडत बसणार हाईस पाण्यासाठी?"

मी म्हणालो, "करतो. तू जा."

तो गेला. मी कॉकवर हात ठेवला आणि उघडला नाही.

यात रागाचा भाग किती आणि पाण्याचा किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. मी स्वतःला कारणं दिली. आभाळ भरलेलं असलं की थंडी कमी पडते, हे खरं आहे. कांबळी मी स्वतः गुंडाळली होती, घट्ट गुंडाळली होती. एक दिवस पाणी पाइपातच राहिलं तर काय बिघडतं? उद्या तेच पाणी वापरता येईल. मी आत गेलो. रजिस्टरमध्ये लिहिलं, '१६३० – लाईन खाली'. सही केली.

रात्री कधी तरी आभाळ मोकळं झालं.

सकाळी सातला मी न्हाणीघराच्या मागं गेलो तेव्हा ताडपत्री फुगली होती. तार कापून पोतं सोडलं. पाइप हातभर उभा फाटला होता आणि आतलं बर्फ सोललेल्या उसासारखं बाहेर आलं होतं. वर आणखी दोन ठिकाणी तसंच. सव्वासातला हवालदार बिष्ट आले. आठला सुभेदार साहेब आले.

सुभेदारांनी मला विचारलं, "कल लाईन खाली किया था?"

"जी साहब."

"पूरा?"

"पूरा, साहब. रजिस्टर में है."

आता ज्याला नळाचं काम कळतं त्याला पुढचं सरळ दिसेल. संध्याकाळी लाईन खाली केली आणि सकाळी ती बर्फानं भरलेली आहे, याचा अर्थ एकच. कॉक लावल्यावर वरचा वाल्व्ह गळत राहिला. वाल्व्ह मल्लिनाथचा.

हवालदारांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. त्यांचा राग बरोबर होता. लंगरमध्ये दीड दिवसाचं पाणी होतं, तीन ठिकाणी पाइप बदलायचा होता. मल्लिनाथ म्हणत राहिला, "वाल्व्ह टाइट है, साहब. मैंने खुद बंद किया." हवालदार म्हणाले, "तो पानी आसमान से आया?" दोन-तीन जण हसले.

मल्लिनाथ माझ्याजवळ आला. मराठीत विचारलं, "कॉक उघडला व्हतास का?"

"उघडला होता."

"माझ्याकडं बघून सांग."

मी त्याच्याकडं बघून सांगितलं.

फाटलेले पाइप कापणं, नवे आटे पाडणं, यात दहा वाजले. वाल्व्हचं काय, हा वाद चालूच होता. वाल्व्ह खरंच गळत असेल तर नवी लाईन जोडून उपयोग नाही. सुभेदार साहेब म्हणाले, उद्या नऊला बघू. मल्लिनाथ ऐकेना. त्याचा ट्रेडचा हात, त्याचं नाव, सगळ्यांसमोर गेलं होतं. त्यानं दोनदा परवानगी मागितली. दुसऱ्या वेळी सुभेदारांनी घड्याळ पाहिलं, उताराकडं पाहिलं. ऊन अजून वरच्या अर्ध्यातच होतं. ते म्हणाले, "जल्दी जाओ, देखो, वापस आओ. सेट साथ रखो."

तो दहा वाजून पंचवीस मिनिटांनी निघाला. तो उतार पार करायला वीस मिनिटं लागतात, हे मला माहीत होतं. वर बघण्यासारखं काही नाही, हेही मला माहीत होतं. फक्त मलाच. तोंड उघडायला मला वीस मिनिटं मिळाली. मी पाइपाचे आटे पुसत होतो.

ताज्या बर्फातून त्याला अर्धा तास लागला; दहा छप्पन्नला वायरलेस सेट बोलला. ऑपरेटर तमिळ होता, मी त्याच्या शेजारी उभा होतो.

"टू फॉर वन. टाकी पर पहुँच गया. ओव्हर."

"वन. वाल्व्ह बताओ. ओव्हर."

"टू. वाल्व्ह टाइट है. बाहर का मुँह सूखा है. एक बूँद नहीं. ओव्हर."

"वन. रॉजर. वापस आओ. ओव्हर."

थोडा वेळ खरखर. मग त्याचा आवाज आला, मराठीत. सेटवर मराठी बोलायची परवानगी नव्हती.

"दश्या, हाईस का तिथं? वाल्व्ह कोरडा ठक्क हाय. कॉक तू उघडलाच न्हाईस. पाणी सांडायला जीव झाला न्हाय व्हय रं तुझा?" तो दम खात होता. "थांब. खाली येतो. मग दावतो तुला."

ऑपरेटरनं माझ्याकडं पाहिलं. "क्या बोला?"

मी म्हणालो, "आ रहा है बोला."

अकरा वाजून चार मिनिटांनी उतार सुटला. आवाज फार मोठा नव्हता. आम्ही बाहेर आलो तेव्हा पायवाट होती ती जागा सपाट पांढरी झाली होती. सेटवर ऑपरेटर बोलावत राहिला, "वन फॉर टू. वन फॉर टू." उत्तर नाही.

सगळे जण फावडी, सळया घेऊन गेलो. ऊन उतरेपर्यंत सुभेदारांनी अर्ध्याच माणसांना उतारावर जाऊ दिलं. मी पहिल्या अर्ध्यात होतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो सापडला. उजव्या हातात पाना होता. लाईन खाली करायची ती वेळ होती.

आभाळ पुन्हा भरलं, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी प्लाटूननं त्याला अग्नी द्यायचं ठरवलं. त्याचं घर लिंगायत, त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात. तिथं हे जाणणारा मी एकटा होतो. सुभेदारांनी विचारलंही, "तुम्हारी तरफ का है, कोई खास रिवाज?" मी बोललो असतो तर आणखी प्रश्न आले असते, तुझी त्याची ओळख किती, शेवटी तो तुला काय म्हणाला. मी म्हणालो, "नहीं साहब." लाकूड ओलं होतं, रॉकेल घालावं लागलं.

चौकशी झाली. तीन अधिकारी, एक टेबल. टाकी आणि वाल्व्ह बर्फाखाली गेले होते, ते कुणी पाहू शकलं नाही. वाल्व्ह टाइट असल्याचं मल्लिनाथ सेटवर बोलला होता, पण तो वाल्व्ह त्याच्याच ताब्यातला. आपला वाल्व्ह गळतो असं कोण म्हणेल, असं धरलं गेलं. माझं रजिस्टर साफ होतं. मला विचारलं, "सॅपर, एन्ट्री तुम्हारी है? सही है?" मी म्हणालो, "जी साहब." निष्कर्ष असा निघाला की वाल्व्हची देखभाल मृतानं नीट केली नव्हती. त्याच्या घरी कळवताना ती ओळही कळवली गेली.

मी नोकरीची पंधरा वर्षं पुरी केली आणि परत आलो. कारखान्यात लागलो. मुरुमला जायचं टाळलं. आठवडी बाजारसुद्धा दुसरीकडं करायचो.

गेल्या गळिताच्या हंगामात बॉयलर हाऊसच्या बाहेर एक नळ ठिबकत होता. ऊस घेऊन आलेला मुरुमचा एक ट्रॅक्टरवाला हात धुवायला आला. नळाकडं बघून त्याच्या सोबत्याला म्हणाला, "ह्यो मल्लिनाथानं बंद केलाय जणू." दोघं हसले.

मी विचारलं, "कोण मल्लिनाथ?"

"आमच्यात म्हन हाय तसं. शरणप्पाचं पोरगं व्हतं मिल्ट्रीत. नळ नीट बंद केला न्हाय आन् त्यातच मेलं. सरकारी कागदच आला व्हता की. आता मुरुमात कुठं नळ गळला की आमी त्याचंच नाव घेतो."

"त्याचा बाप हाय का अजून?"

"हाय की. गावाचं तोंड बघत न्हाय म्हातारा. मळ्यातच ऱ्हातो."

पुढच्या रविवारी मी मुरुमला गेलो. मळ्यात त्याच विहिरीवर आता इंजिन बसलं होतं. शरणप्पा ओट्यावर बसले होते, कपाळाला विभूती. मी नाव सांगितलं, वस्ती सांगितली, मल्लिनाथच्या प्लाटूनमध्ये होतो म्हणालो. त्याची आई आतून पाण्याचा पेला घेऊन आली. तिनं तो माझ्या हातात दिला. मी तो तसाच धरून सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमानं. विहीर, आईचा पदर, पत्र, कॉक, रजिस्टर, सेट, लाकडं.

संपल्यावर शरणप्पा म्हणाले, "किती वर्सं झाली?"

"नऊ, अप्पा."

"नऊ वर्सं तू जेवत व्हतास."

"व्हय."

"तुझ्या आईला पाणी वरून घातलं ते म्या. तो तर सोलापुरात व्हता." त्यांचा आवाज चढला. "माझ्यासंगं भांडायचं व्हतं. माझं मुंडकं फोडायचं व्हतं. त्याला कशाला मधी घातलास?"

त्यांनी ओट्यावर हात आपटला.

"आन् जाळलंस त्याला. तुला ठाव असून."

"मला ठाव होतं, अप्पा."

मल्लिनाथची आई चौकटीत उभी होती. तिनं विचारलं, "शेवटाला रागात व्हता का रं तो?"

"व्हय, आई. माझ्यावर रागात होता."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "त्याला कळलं तरी, की त्याची चूक न्हाय."

ती आत गेली.

शरणप्पा उठले. म्हणाले, "मला सांगून काय उपेग न्हाय. लिव्ह. पेपरात दे, चावडीवर लाव, फौजेत धाड, कुठं धाडायचं तितं धाड. तुझं नाव घाल. माझं घाल. हिरीचंबी घाल, ते गाळू नगंस. मला चांगला म्हनू नगंस." मग पेल्याकडं बघून म्हणाले, "ते पी आन् चालता हो. परत या मळ्यात पाय ठेवलास तर कुत्रं सोडीन."

मी उभ्यानंच पाणी प्यालो. पेला ओट्यावर ठेवला आणि निघालो. मागं वळून पाहिलं नाही, पण ते तिथंच उभे होते एवढं कळत होतं.

त्याच आठवड्यात मी रेकॉर्ड ऑफिसला सगळं लिहून पाठवलं. एन्ट्री खोटी होती, सही माझी होती. अजून उत्तर आलेलं नाही. जे यायचं ते येईल. हा मजकूर मुरुमच्या लोकांसाठी आहे. पहिली प्रत चावडीवर लावायला दिली आहे.

लान्स नायक मल्लिनाथ शरणप्पा, राहणार मुरुम, आपलं काम नीट करत होता. त्या दुपारी तो वर गेला, चारला वाल्व्ह पूर्ण बंद केला आणि खाली येऊन मला लाईन खाली करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तो वर गेला तो माझं खोटं तपासायला, आणि ते त्यानं तपासलं. त्याचा वाल्व्ह कोरडा होता.

कॉक मी उघडला नाही.

– दशरथ, सॅपर, प्लंबर (निवृत्त)